मैत्रीची ड्यूटी

बेंगळुरूहून परत आल्यावर गडहिंग्लजमध्ये मला जो तो एकच विचारतो, लालबाग बघितली का? नाही बघितली. राजवाडा? तोही नाही. मग आठ दिवस केलंस काय? मी म्हणते, आपलेपणा शिकवतात कसा, ते बघत होते. लोक एकमेकांकडे बघतात आणि चहा मागवतात. बाई निवृत्त झाली, एकटी असते, काहीतरी बोलते असा चेहरा करतात. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे परत कुणी विचारायला नको.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर ज्या बाईचा आवाज ऐकून तुम्ही अर्धा चहा टाकून गाडीकडे पळालात, ती मी. गाडी कुठे लागली, कुणी चढायचं, कुणी थांबायचं, हे सांगण्यात नोकरी गेली. त्यामुळे माणूस रांगेत आहे की रांगेबाहेर, हे मला लांबून कळतं.

धाकटा भाऊ प्रसाद आयटीत आहे. आधी पुण्यात होता, गेल्या उन्हाळ्यात त्याची नोकरी व्हाइटफील्डला गेली आणि मागोमाग बिऱ्हाड. त्याची मुलगी गार्गी अकरा वर्षांची, पुण्यातच जन्मलेली. नव्या शाळेत गेल्यापासून पोर बोलायची बंद झाली होती. घरी हो आणि नाही, शाळेत तेही नाही. शाळेनं मोठ्या प्रेमानं कळवलं होतं की गार्गी ‘ओळखीच्या सांस्कृतिक वातावरणात’ अधिक फुलेल. या शाळेत आपलेपणा हा विषय शिकवतात. त्या विषयात पोर कच्ची निघाली, तर तिला आपल्या गावी पाठवा, असा त्याचा सरळ अर्थ. प्रसादनं फोन केला, ‘‘ताई, परतीचं तिकीट गार्गीचंही काढ. वर्षभर तुझ्याकडे राहू दे. तिलाही तेच हवंय.’’

मला तर पडत्या फळाची आज्ञा झाली. निवृत्तीनंतर माझ्या घरात रेडिओशिवाय दुसरा आवाज नाही. मी आतल्या खोलीला रंग दिला, मुलींच्या शाळेतल्या बाईंच्या कानावर घातलं, शेजारणींना तर इतकं सांगितलं की त्या कंटाळल्या. पोरीला आणायलाच म्हणून मी संकेश्वरहून बेंगळुरूची गाडी पकडली.

व्हाइटफील्ड, शनिवार

भावाच्या कॉम्प्लेक्सच्या नावात तळं आहे. प्रत्यक्षातलं तळं बहुतेक पार्किंगच्या खाली गेलं असावं. गेटवरच्या वॉचमननं माझा फोटो काढला, नाव विचारलं आणि म्हणाला, ‘‘अक्का, स्वल्प वेट माडी.’’ म्हणजे थोडं थांबा. वर प्रसादच्या फोनवर कसलासा नंबर जाणार, तो प्रसाद मला कळवणार, मी वॉचमनला सांगणार, मग फाटक उघडणार. सख्ख्या भावाच्या घरात शिरायला मला ओटीपी लागला. गंमत अशी, की पुण्यात गेल्यापासून भाऊ मला ‘आक्का’ म्हणायचा बंद झालाय, त्याला ते गावठी वाटतं. आणि या परक्या माणसानं आल्या आल्या मला अक्का करून टाकलं.

वर गेले तर गार्गी दारातच उभी. उंच झाली होती आणि खांदे मात्र आत ओढून घेतलेले. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘‘मी आलो बघ गं बाई.’’

ती हळूच म्हणाली, ‘‘आले.’’

‘‘कोण आलं?’’

‘‘तू ‘आलो’ म्हणालीस. ‘आले’ म्हणतात.’’

आमच्याकडे कोल्हापूर-निपाणीच्या पट्ट्यात बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. लिहिताना मी ‘आले’ लिहिते, पण तोंड गडहिंग्लजचं आहे. मी प्रसादला म्हटलं, ‘‘पोरगी बोलत नाही म्हणतोस, व्याकरण तर चांगलं बोलते.’’ तो हसला नाही. पोर आत गेली आणि मला तिची भरलेली बॅग दिसली. मला यायचं होतं शनिवारी, निघायचं होतं पुढच्या रविवारी, आणि ही आताच बॅग भरून बसली होती. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

माझी भावजय नेहा नागपूरची. स्वभावानं गरीब, पण कंपनीत एचआरमध्ये माणसांच्या मनांची खाती सांभाळते, त्यामुळे घरातही मोकळं बोलणं वेळेवर होतं. फ्रिजवर एक रंगीत चकती लावलेली आहे. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदास, पिवळा म्हणजे आनंद, आणि मधल्या मधल्या छटांना इंग्रजी नावं. सकाळी उठल्यावर प्रत्येकानं आपल्या नावाचं चुंबक आपल्या रंगावर लावायचं. शाळेनंच दिलेली चकती, घरोघरी आहे. रविवारी सकाळी माझ्याही नावाचं चुंबक तयार होतं. मी बराच वेळ शोधून विचारलं, ‘‘यात भूक कुठे आहे?’’

‘‘ताई, भूक ही भावना नाही ना.’’

‘‘ज्यानं ठरवलं तो जेवून उठला असेल.’’

गार्गीचं चुंबक हिरव्यावर होतं. हिरवा म्हणजे शांत. नेहा म्हणाली, ती रोज हिरव्यावरच लावते. मला आमच्या स्टँडवरचं घड्याळ आठवलं, ते पण रोज एकच वेळ दाखवायचं.

राजाजीनगर, रविवार

शेजारणीच्या मावसबहिणीला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पोचवायचा होता, म्हणून मी आणि गार्गी मेट्रोनं राजाजीनगरला गेलो. मेट्रोबद्दल एवढंच सांगते, की ती स्वच्छ आहे आणि तिथं माझ्यासारख्या आवाजाच्या बाईला नोकरी मिळाली नसती. सगळं कुजबुजत्या आवाजात सांगतात. राजाजीनगर मात्र बघताक्षणी आवडलं. जुनी घरं, दारात रांगोळ्या, फुलांच्या माळा मोजायच्या त्या हाताच्या लांबीनं. मावसबहिणीचं घर तिथं दोन पिढ्यांचं. मराठी बोलतात, पण निम्मी कानडीत भिजवून. ‘‘बस की अक्का, ऊटा झालं काय?’’ ऊटा म्हणजे जेवण. आत शिरताना कुणी माझा फोटो काढला नाही.

परत येताना पोटात कावळे ओरडत होते. कोपऱ्यावर एक उभ्यानं खायचं हॉटेल होतं, इथं असली हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. खुर्ची नाही, वेटर नाही. छातीएवढ्या उंचीची गोल टेबलं, ताटली आपली आपण आणायची आणि जिथं कोपर मावेल तिथं उभं राहायचं. आमच्या आईनं उभ्यानं खाताना बघितलं असतं तर घोडा म्हणाली असती. आम्ही एका ताटलीत गोड शिरा आणि तिखट उपीट असं जोडीनं मिळतं ते घेतलं, एक दोसा घेतला आणि जागा शोधू लागलो. हेल्मेट काखेत मारलेला एक माणूस खाता खाता नुसता अर्धा वीत सरकला. बोलला नाही, हसला नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. खाऊन झालं, हात धुऊन गेला.

त्या जागेत पोर माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. बहुधा समोरासमोर बसावं लागलं नाही म्हणूनच ती बोलली.

‘‘आत्या, शाळेत माझ्याशी बोलायची ड्यूटी असते.’’

मला आधी नीट कळलं नाही. मग तिनं दोसा कुरतडत कुरतडत सगळं सांगितलं. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलींचं ‘वर्तुळ’ बसतं. मुलांना त्या वेळी फुटबॉलला सोडतात, त्यांना भावना नसतात असं ठरलं असावं. मुली उशांवर गोल बसतात, एक कापडी हत्ती हातोहात फिरतो, जिच्या हातात हत्ती तिनं मनातलं बोलायचं. पहिल्याच शुक्रवारी हत्ती गार्गीकडे आला तेव्हा ती खरं बोलली. मला इथं आवडत नाही, मला पुण्याला जायचंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या धाडसाबद्दल. आणि सोमवारपासून तिला ‘सोबतीण’ मिळाली. छातीवर दोन हातांचं चित्र असलेला बिल्ला लावून एक मुलगी डब्याच्या सुट्टीत शेजारी येऊन बसली, तिनं तिचं आवडतं आइस्क्रीम विचारलं. शुक्रवारी तिनं बिल्ला परत दिला, सोमवारी तो दुसरीच्या छातीवर. दुसरीनं आवडतं आइस्क्रीम विचारलं.

‘‘सगळ्या सारखंच विचारतात?’’

‘‘त्यांना प्रश्न दिलेले असतात. आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकात येतं ते, एम्पथी म्हणून.’’ मग म्हणाली, ‘‘एक होती सौजन्या म्हणून. आपल्याच कॉम्प्लेक्समध्ये राहते. तिला मराठी येतं. ती मला बरी वाटली होती. पण तिचा शुक्रवार झाला ना, तेव्हा बिल्ला काढून ती मैत्रिणीला म्हणाली, ‘मुगीतु’.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘संपलं.’’

मी आयुष्यभर ड्यूट्या लावल्या आहेत. कोण कुठल्या गाडीवर, कोण रजेवर, कोण राखीव. पण कुणाशी मैत्री कुणी कधी करायची याची ड्यूटी लावलेली पहिल्यांदा ऐकली. आणि त्या गाडीची एकच प्रवासी, माझी पोर, दर सोमवारी नव्या ड्रायव्हरला आइस्क्रीम सांगत बसलेली. मला संताप आला. मी म्हटलं, ‘‘चल, रविवारी निघू आपण. नको ही शाळा.’’ ती नुसती मान हलवून हो म्हणाली आणि शिरा खायला लागली.

भिंत

हे सांगताना मला शाळेतल्या रिया मॅडमवर अन्याय करायचा नाही. वर्तुळ, हत्ती, बिल्ले ही सगळी त्यांची सृष्टी, पण बाई मनानं निर्मळ आहेत. वय पंचविशीचं, आवाज तान्ह्या बाळाला झोपवतात तसा. शुक्रवारी शाळेत ‘आपलेपणा दिन’ होता. त्यासाठी मुलींची प्रतिज्ञा भिंतीवर प्रत्येक घरच्या भाषेत लिहायची होती. मराठीसाठी प्रसादनं माझं नाव परस्पर दिलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे, स्टँडवरच्या फळ्यावर वर्षानुवर्षं मीच लिहायचे. गुरुवारी दुपारी मी शाळेत गेले. रिया मॅडमनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हिंदीत विचारलं, ‘‘आज तुम्ही इथं कशा आला आहात?’’

मी म्हटलं, ‘‘रिक्षानं.’’

त्यांना माझ्या मनाची अवस्था विचारायची होती, हे नंतर नेहानं समजावलं. पण बाईंनी माझ्या उत्तराचंही कौतुक केलं. त्या कशाचंही कौतुक करतात, हीच त्यांच्याशी बोलण्यातली अडचण. भिंतीला धडक मारावी आणि भिंत गादीची निघावी, तसं होतं.

प्रतिज्ञा इंग्रजीत होती, ‘वुई इन्क्लूड एव्हरीवन.’ शेजारी कानडी, तमिळ, बंगाली लिहून झालं होतं. मी ब्रश घेतला आणि झोकात लिहिलं, ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो.’ शिरोरेषा एका दमात ओढली. मागं सरकून बघितलं, मलाच माझा अभिमान वाटला. शाळा सुटली, गार्गी बसची वाट बघत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं वाचलं.

‘‘आत्या, ‘आम्ही’ लिहिलंस.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘नाही, बरोबर आहे.’’ ती भिंतीकडे बघत अगदी सरळ आवाजात म्हणाली, ‘‘इंग्लिशमध्ये मला कळत नव्हतं, मी वुईमध्ये आहे का एव्हरीवनमध्ये. मराठीत कळलं.’’

माझ्या हातातून ब्रश खाली ठेवला गेला. ज्या बाईनं स्टँडवर कधी ‘आमची गाडी’ म्हटलं नाही, ती मी. गाडी बंद पडली की ‘आमची गाडी’ म्हणायचं नाही, प्रवासी अंगावर येतो. ‘आपली गाडी’ म्हणायचं, तो खाली उतरून ढकलायला लागतो. आणि मीच माझ्या पोरीच्या नाकासमोर, एवढ्या मोठ्या अक्षरात, तिला बाहेर काढून आले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी रिया मॅडमना गाठलं. म्हटलं, थोडा पांढरा रंग द्या, शब्द बदलायचाय. मराठीत दोन वुई आहेत, एक ऐकणाऱ्याला आत घेतो, एक बाहेर ठेवतो. मी चुकीचा लिहिला. बाईंचे डोळे भरून आले. ‘‘किती सुंदर,’’ त्या म्हणाल्या, आणि फोनवर टिपून घेतलं. पुढच्या सत्रात ‘आपण सप्ताह’ करता येईल म्हणाल्या. मी पांढरा रंग घेऊन परत भिंतीपाशी गेले, ‘आम्ही’ पुसून ‘आपण’ लिहिलं आणि वाचून बघितलं. आपण सगळ्यांना सामावून घेतो. ते ‘सगळ्यांना’ तिथं उरलंच होतं. कुणीतरी घेणारं, कुणीतरी घेतलं जाणारं. शब्द बदलून भागण्यासारखं नव्हतं, वाक्यच तसं होतं. तेवढ्यात बस आली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. आया, आज्या, दोन-तीन कामावरून सुटलेले बाप. मुलींनी प्रतिज्ञा सगळ्या भाषांत म्हटली. मग रिया मॅडमनी गार्गीला पुढं बोलावलं. या वर्षीच्या नव्या मैत्रिणीनं आपल्या सोबतिणींबद्दल दोन शब्द सांगावेत, असं त्यांनी ठरवलं होतं. मला वाटलं पोर हलणार नाही. पण ती उठली, पुढं गेली, आणि स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, ‘‘सगळ्यांनी ड्यूटी चांगली केली. थँक्यू. सोमवारपासून कुणी बिल्ला लावू नका. मी जाणार आहे.’’

 मग रिया मॅडम हळूच म्हणाल्या, ‘‘मन उघडं केल्याबद्दल धन्यवाद, गार्गी,’’ आणि टाळ्या सुरू झाल्या. आयांनी वाजवल्या, मुलींनी वाजवल्या. एकच मुलगी हाताची घडी घालून बसली होती. दोन घट्ट वेण्या, सावळी, कपाळाला आठ्या. ती गार्गीकडे असं बघत होती, की मी शेजारच्या बाईला विचारलं, ही कोण? सौजन्या, त्या म्हणाल्या, वडील निपाणीचे आहेत.

भांडण

संध्याकाळी बेल वाजली. नेहानं दार उघडलं तर सौजन्या. पायांत स्लिपर, बहुतेक लिफ्टची वाटही न बघता जिन्यानं आली होती, धापा टाकत होती. नाव सौजन्या आणि आवाज आमच्या डेपोच्या भोंग्याच्या तोडीचा.

‘‘गार्गी कुठं हाय?’’

गार्गी बाहेर आली. सौजन्यानं ना नमस्कार ना चमत्कार, थेट सुरुवात केली.

‘‘सगळ्यांनी ड्यूटी केली म्हणालीस. मी कवा ड्यूटी केली गं?’’

‘‘तू बिल्ला लावला होतास.’’

‘‘बिल्ला एक आठवडा. त्याच्यानंतर बुधवारी तुझ्यापाशी येऊन बसलोतो ते? बिल्ला नव्हता तवा. शेंगा दिल्या तुला. तू एक शब्द बोलली नाहीस.’’

 गार्गीला तो बुधवार आठवत होता, हे तिच्या तोंडावर दिसलं. मग तिचा आवाज वर चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा चढला असावा, कारण आतल्या खोलीतून प्रसाद धावत आला.

‘‘आणि तू मुगीतु म्हणालीस! मी ऐकलं. बिल्ला काढून मुगीतु म्हणालीस.’’

‘‘बिल्ला मुगीतु म्हटलं. तू मुगीतु म्हटलं काय मी?’’

नेहा मध्ये पडली. दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, ‘‘हे बघा, आपण एकमेकींना दोष न देता बोलू या. ‘मला वाटतं’ असं म्हणून वाक्य सुरू करा बरं.’’

सौजन्यानं क्षणभर विचार केला. ‘‘मला वाटतंय, ही येडी हाय.’’

मी नेहाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ती म्हणाली, ‘‘ताई, तिला त्रास होईल.’’ मी म्हटलं, ‘‘होऊ दे.’’ बिल्ला लावून आलेल्या एकाही मुलीनं माझ्या पोरीवर आवाज चढवला नव्हता. जे माणूस आपल्याला नुसती ड्यूटी वाटतं, त्याच्याशी भांडायला कुणी जिने चढून येत नाही. हे मी नेहाला सांगितलं का, आठवत नाही, बहुतेक नुसते कांदे चिरत राहिले.

बाहेर एकेक मुद्दा निघत होता. गार्गी म्हणाली, तू माझ्याशी मराठी बोलायचं बंद का केलंस? सौजन्या म्हणाली, ‘‘मी ‘आलो’ म्हटलं की तू ‘आले’ म्हणायचीस. दर वेळी. मग मी काय कापलेली जीभ घिऊन बोलू काय? इंग्लिशमध्ये तुला चुका काढता येत नाहीत, म्हणून इंग्लिश.’’  माझा सुरीवरचा हात थांबला. पुण्याची मराठी एवढ्याशा जिवाला किती महागात पडली होती, ते मला तिथं कांद्यासमोर कळलं. पण पोर हरणारी नव्हती. ती म्हणाली, ‘‘मग तेव्हाच सांगायचं ना, राग आला म्हणून!’’

‘‘बिल्ला लावला की राग यायचा नसतो,’’ सौजन्या म्हणाली. ‘‘रिया मॅमनं सांगितलंय.’’

भांडण मिटलं नाही. ‘‘आता माझ्याशी बोलू नको,’’ असं म्हणून सौजन्या गेली. शनिवारी सकाळी खाली बॅडमिंटनच्या कोर्टाजवळ त्या दोघी परत भांडताना मी गॅलरीतून बघितल्या. दुपारी जिन्यात. संध्याकाळी प्रसादच्या फोनवरून, कारण गार्गीला फोन नाही. फ्रिजवरच्या चकतीवर तिचं चुंबक लालच्याही बाहेर, दाराच्या मुठीजवळ जाऊन चिकटलं होतं. नेहा काळजीत पडली. मी मस्त जेवले.

निघताना

रविवारी संध्याकाळची गाडी होती. प्रसादनं टॅक्सी बोलावली. गार्गीची बॅग आठवडाभर भरलेलीच होती, तिनं स्वतः ती दारात आणून ठेवली आणि ‘पाच मिनिटांत आले’ म्हणून खाली गेली. मी तिच्यासाठी वाटेत खायला कडबोळी बांधून घेतली. शाळेत कुठल्या बाकावर बसवायची, हेही मनात ठरवत होते. टॅक्सी खाली येऊन थांबली, वॉचमनचा फोन आला, तरी पोर नाही. मी बॅगेला हात घातला आणि तेवढ्यात ती आली. केस विस्कटलेले, गाल लाल, डोळे रडल्यासारखे किंवा भांडल्यासारखे, काय ते मला सांगता आलं नाही.

‘‘आत्या, तू हो पुढं. मी नाही येत.’’

प्रसाद आणि नेहा एकमेकांकडे बघायला लागले. मी विचारलं, ‘‘का गं? काय झालं?’’

‘‘अजून भांडण संपलं नाही. ती म्हणते तू निघून चाललीस म्हणजे तू हरलीस. उद्या बसमध्ये तिला मला बरंच काही सांगायचंय. मलाही.’’

 इतका मोठा प्रवास मी हिला न्यायला केला होता. मी शेवटचा प्रयत्न केला, अगदी आतून आला तो. ‘‘मी खाली येऊन तिला समजावते. दोघींचं मिटवते, मग आपण निघू.’’

गार्गीनं जोरात मान हलवली. ‘‘नको गं आत्या. तू नको येऊस मध्ये. आमचं आहे ते.’’

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. आमचं म्हणजे तिचं आणि त्या भोंग्याचं, आणि त्यात मी नव्हते, तिचा बापही नव्हता. मी कडबोळीची पुडी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, ‘‘निम्मी तिला दे. भांडून घसा बसला असेल.’’ मग तिची बॅग उचलून आत तिच्या पलंगावर नेऊन ठेवली, माझी घेतली आणि लिफ्टनं खाली आले.